पिकअपच्या हौद्याला सरकतं शटर: घेण्याआधी काय मोजायचं, काय तपासायचं

"भो, हाई गाडी शे का कपाट?"

अडावदला चहाच्या टपरीसमोर मी हौद्याचं शटर सरकवून पान्यांची पेटी काढत होतो. बाकावरचे एक नाना उठून आले, काळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि हे विचारलं. टपरीवरचे सगळे हसले, मीही हसलो. पण या विषयावर मला कोणी विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न तोच आहे. हौद्याला सरकतं शटर बसवलं की गाडी थोडी कपाट होते, आणि तेवढीच ती पिकअप राहत नाही. हा सौदा परवडणार असेल तरच दुकानाची पायरी चढा.

माझं काम सोलर पंप आणि ठिबकच्या दुरुस्तीचं. चोपडा, यावल, अमळनेर या पट्ट्यात रोजचं फिरणं. गाडी सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस. हौद्यात मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, तांब्याच्या केबलचे गुंडाळे, कंट्रोलरची सुटी कार्डं आणि ठिबकच्या जोडण्यांची पोती. गाडी बांधावर उभी करून आत विहिरीवर जायचं म्हटलं की जीव मागे अडकलेला असायचा. ताडपत्री पाऊस अडवते, हात अडवत नाही. म्हणून शटर. दुकानात याला रोलर शटर, रोलर लिड, रोलर टोनो कव्हर अशी तीन-चार नावं ऐकू येतील. गोंधळू नका, वस्तू एकच आहे: केबिनला लागून एक पेटी, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चॅनल, आणि त्या चॅनलमधून पेटीत गुंडाळलं जाणारं झाकण.

पहिली पायरी: तुम्हाला ते लागतं का

बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, छोटा हत्ती यांपैकी काही चालवत असाल आणि केळी, कापूस, वांगी, मिरची वाहत असाल, तर शटरचा विचार इथेच सोडा. रावेर-सावद्याकडच्या बागेतून निघालेल्या घडांना वारा लागतो. केळी स्वतः उष्णता सोडतात आणि पिकवणारा इथिलीन वायूही सोडतात. एप्रिलच्या उन्हात त्यांना बंद हौद्यात कोंडलं तर बाजारात पोचेपर्यंत रंग बदलायला लागेल. कापसाच्या गाठोड्या हौद्याच्या वर दोन-तीन हात चढतात, तिथे सपाट झाकण करणार काय? या गाड्यांचे हौदे सात ते दहा फूट लांब, भिंती सरळ आणि उघडणाऱ्या, बऱ्याचदा बॉडी स्थानिक कारागिराने बांधलेली. तयार सरकतं शटर अशा हौद्यासाठी सहसा मिळत नाही. तिथे कमानी, जाड ताडपत्री आणि चांगली रस्सी हेच खरं.

सरकतं शटर बनतं ते डबल केबिनच्या गाड्यांसाठी, ज्यांचा हौदा साधारण पाच फूट लांब आणि दीड फूट खोल असतो. आपल्याकडे त्यात मुख्यतः व्ही-क्रॉस, जी भारतात २०१६ साली आली, आणि टोयोटाची हायलक्स, जी २०२२ साली आली. वापरही ठरलेला हवा: अवजारं, मोटारींचे सुटे भाग, औषधं-बियाण्यांची खोकी, फोटोग्राफरचं सामान, नाहीतर लग्नाला निघालेल्या सात माणसांच्या बॅगा.

सोलरचं पॅनल सव्वादोन मीटर लांब असतं, पीव्हीसीचा पाइप वीस फुटी. हे दोन्ही शटरखाली कधीच जाणार नाहीत. मी पॅनल आजही भाड्याच्या बोलेरोतून नेतो.

दुसरी पायरी: टेप घेऊन हौद्यात उतरा

शटर गुंडाळलेलं असताना पेटीत बसतं, आणि पेटी हौद्यातच बसते. पुढचे साधारण १० ते १२ इंच ती खाते. पाच फुटांतून एक फूट गेला म्हणजे पाचवा हिस्सा गेला. जाहिरातीच्या फोटोत हे दिसत नाही, कारण फोटो मागून काढलेला असतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच एक प्रयोग करा. पुठ्ठ्याचं एक खोकं फूटभर रुंद आणि फूटभर उंच कापा, केबिनच्या भिंतीला लावून हौद्यात ठेवा आणि रोजचं सगळं सामान नेहमीसारखं भरा. ते भिंतींच्या वर न येता बसलं तर पुढे जा. माझ्या बाबतीत ठिबकच्या नळीची बंडलं एकावर एक दोन बसायची, ती शटरखाली एकच बसेल हे मला अशाच खोक्याने सांगितलं. काही पेट्यांच्या खाली वीतभर जागा सुटते, तिथे जॅक, रस्सी, पाट्या सरकवता येतात. पेटी घेताना ती खालून किती उचललेली आहे तेही मोजून घ्या.

टेप हातात आहे तर हेही लिहून ठेवा: हौद्याची आतली लांबी भिंतीच्या वरच्या कडेला (तळाला नव्हे, दोन्हींत फरक पडतो), दोन भिंतींमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे, आणि भिंतीच्या वरच्या कडेची जाडी. सेकंडहँड गाडीला एखादा ठोका बसलेला असेल तर पुढचं आणि मागचं अंतर सारखं येत नाही. पाच-सहा मिलिमीटरचा फरकही शटर अडकवायला पुरतो.

हौद्यात प्लॅस्टिकचं लायनर आहे का बघा. लायनरची कड भिंतीच्या वरून बाहेर वळलेली असेल तर चॅनलचा क्लॅम्प पत्र्याला धरणार नाही, प्लॅस्टिकला धरेल आणि महिन्याभरात ढिला होईल. ती कड कापावी लागते. लायनर कडेच्या खालीच संपत असेल तर काही करायला नको. केबिनमागे स्टीलचा रोल बार असेल तर त्याचे पाय नेमके तिथेच येतात जिथे चॅनल हवं. दोन्ही एकत्र बसणारे नमुने मिळतात, पण ते आधी विचारायचं.

मॉडेलचं वर्ष हा नवख्यांचा सगळ्यात मोठा खड्डा. या गाड्यांची मोठी बाजारपेठ थायलंड, त्यामुळे शटरंही बरीचशी तिकडच्या मापाची. आपली व्ही-क्रॉस म्हणजे इसुझूची डी-मॅक्सच. थायलंडमध्ये डी-मॅक्सची नवी पिढी २०१९ साली आली. आपल्याकडची व्ही-क्रॉस मात्र जुन्याच पिढीच्या सांगाड्यावर विकली गेली. "डी-मॅक्स २०२०" असं लिहिलेलं शटर तुमच्या २०२० सालच्या व्ही-क्रॉसला बसणार नाही. वर्ष सांगू नका, मापं आणि हौद्याचे फोटो पाठवा. अमेरिकी गाड्यांसाठीची शटरं स्वस्तात दिसली तरी हात लावू नका, तिकडचे हौदे वेगळ्याच रुंदीचे.

तिसरी पायरी: कापडी, अल्युमिनियम की मोटारवालं

कापडी म्हणजे रेक्झिनसारखं व्हायनिल, खाली पट्ट्यांचा आधार. हलकं, स्वस्त, आवाज कमी. पण ब्लेडने कापता येतं. आणि जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की काळं व्हायनिल मऊ पडतं, मध्ये झोळ येतो आणि त्या झोळात पहिल्या पावसाचं पाणी साठतं. सामान किमती नसेल आणि गाडी रात्री शेडखाली असेल तरच घ्या.

अल्युमिनियमचं म्हणजे एकमेकांत अडकलेल्या आडव्या पट्ट्या, वर पावडर कोटिंग. वजन तीस-चाळीस किलोपर्यंत जाऊ शकतं. तेवढं ओझं कायमचं मागे राहणार, हे धरून चाला. पैसे एखाद्या चांगल्या सेकंडहँड दुचाकीइतके जातात, तेव्हा घरी आधी बोलून घ्या.

मोटारवालं म्हणजे तेच, पण बटणावर उघडणारं. माझं मत स्पष्ट आहे: शेतात गाडी नेणाऱ्याने ते घेऊ नये. गोठ्याशेजारी उभी राहणारी गाडी आणि उंदीर यांचं नातं जुनं आहे, आणि उंदराला वायरिंग कुरतडायला कारण लागत नाही. घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी समोर चालवून दाखवायला सांगा: बॅटरी काढलेली असताना हाताने उघडतं का, मध्ये कोणी हात घातला तर थांबतं का, आणि फ्यूज कुठे आहे.

चौथी पायरी: पट्ट्या नव्हे, चॅनल बघा

गिऱ्हाईक पट्ट्यांवर टिचकी मारतं, जाडी विचारतं, रंग बघतं. दुकानदारही त्यावर उभं राहून दाखवतो. पट्ट्या सहसा बिघडत नाहीत. बिघडतं ते चॅनल, आणि खानदेशात दोन कारणांनी: ऊन आणि धूळ.

उन्हाचा हिशोब साधा आहे. पट्टी आडवी, हौद्याच्या रुंदीइतकी, म्हणजे जवळपास दीड मीटर. अल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटे पट्टी १० अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी काळा पत्रा ७० ला पोचला, तर फरक ६० अंशांचा. दीड गुणिले ०.०२३ गुणिले ६०, म्हणजे दोन मिलिमीटर. हौद्याचं लोखंड त्याच्या निम्मंच वाढतं. उरलेला एक मिलिमीटर जातो कुठे? चॅनलच्या भिंतीवर. थंडीत बसवताना फिटरने पट्टी चॅनलला घट्ट भिडवली असेल तर मेमध्ये ती घासत, किरकिरत सरकणार. त्यामुळे बसवून झाल्यावर शटर अर्धं उघडा, मधली एक पट्टी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. दोन-तीन मिलिमीटर खेळ हवा. खेळच नसेल तर क्लॅम्प सोडून चॅनल पुन्हा बसवायला लावा. "चालून चालून सैल होईल" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

धुळीचं प्रकरण जास्त चिवट. आपली काळी माती वाळली की पिठासारखी होते. त्यात जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहिली की कापसाचं तूस उडून चॅनलमध्ये बसतं, आणि भुसावळच्या बाजूला राख वाहणाऱ्या गाडीच्या मागे पाच किलोमीटर लागलो की ती पूडही. तूस, माती आणि थोडं दव, तिघं मिळून चॅनलच्या खाचेत नमद्यासारखी गादी तयार होते. मी एकदा दात घासायच्या जुन्या ब्रशने ती खरवडून काढली, तर बोटभर लांबीची राखाडी वळी निघाली, चपलेच्या सोलसारखी चिवट.

यावर उपाय खरेदीच्या वेळीच करायचा. चॅनलच्या खाचेत करंगळीचं टोक शिरतं का बघा. शिरत असेल तर ब्रशही शिरेल, कापडही शिरेल. खाच अरुंद, आत दोन-तीन घड्या असलेली असेल तर ती दिसायला देखणी पण धुवायला अशक्य. आणि खाच मागच्या टोकाला उघडी आहे का, की रबरी टोपीने बंद? टोपी निघत असेल तर पाण्याची नळी लावून घाण मागून बाहेर ढकलता येते. नसेल तर ती आत फिरत राहते.

पाचवी पायरी: पाणी कुठून जाणार ते विचारा

पूर्ण पाणीबंद सरकतं शटर मी अजून पाहिलेलं नाही. पट्ट्या सरकायच्या तर फट राहणारच, फटीतून पाणी येणारच. चांगल्या शटरमध्ये ते पाणी चॅनलमध्ये पकडलं जातं, तिथून पेटीच्या कोपऱ्यात येतं आणि दोन नळ्यांतून हौद्याच्या खाली, रस्त्यावर पडतं. या नळ्या बोटाएवढ्या जाडीच्या, दिसायला फालतू. सगळं त्यांच्यावर चालतं.

किती पाणी? हौद्याचं तोंड दीड मीटर बाय दीड मीटर धरा. एक इंच पाऊस पडला तर त्यावर ५५ लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे जवळजवळ तीन जार. त्यातलं बरंचसं वरून वाहून जाईल, पण दहावा हिस्सा जरी चॅनलमध्ये उतरला तरी पाच-साडेपाच लिटर.

माझ्या गाडीत काय झालं ते सांगतो. शटर बसवलं ते फेब्रुवारीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चोपड्याहून शिरपूरकडे निघालो आणि वाटेत मृगाचा पहिला दणका बसला. पोचल्यावर शटर उघडलं. पट्ट्या आतून कोरड्या, मागचा भाग कोरडा, आणि केबिनला लागून ठेवलेलं पंपाच्या कंट्रोलरचं खोकं तळापासून चार बोटं भिजलेलं. पुठ्ठा हाताला लागताच गळून पडला. आत कार्डावर पाण्याचा थेंब काजळासारखा पसरलेला. पेटीखाली हात घातला तेव्हा कळलं: नळ्या बसवल्या होत्या, पण हौद्याला भोक पाडायचा कंटाळा केलेला. नळीचं तोंड हौद्यातच सोडलेलं. चार महिने पाऊस नव्हता म्हणून चार महिने शटर उत्तम होतं. फिटर म्हणाला, "दादा, भोक पाडलं असतं तर तुम्हीच ओरडले असते." त्याचंही पूर्ण चुकलं नव्हतं, मी त्याला विचारलंच नव्हतं.

तेव्हा विचारा. हौद्याला पुढच्या कोपऱ्यांत कारखान्याचीच भोकं असतात का, रबरी बूच काढून नळी तिथून नेता येते का? नसेल तर नवं भोक पाडावं लागेल. पाडलं की त्याची कड कानसेने साफ करून, प्रायमर आणि रंग लावून, रबरी रिंग बसवूनच नळी घालायची. उघड्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. आणि नळीला खाली जाताना कुठेही चढ नको. मध्ये झोका राहिला तर तिथे चिखल बसतो.

सहावी पायरी: धूळ मागून येते

शटर बसवून महिना झाल्यावर नवखे लोक हमखास तक्रार करतात की आत धूळ तशीच येते. वरून येत नाही हो ती. गाडी पळत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, फटीतून आत ओढली जाते. पिकअपचा फाळका मुळात पाणी सांडून जावं म्हणून सैलच बनवलेला असतो, खाली आणि बाजूंना बोट जाईल एवढी फट असते. वर झाकण टाकलं की ती फट अजूनच ओढ घेते.

त्यामुळे शटरच्या आधी, किंवा निदान त्याच दिवशी, फाळक्याला तिन्ही बाजूंनी रबरी सील लावून घ्या. मीटरवर मिळतं. ईपीडीएम रबर मागा, साधा स्पंज नको. स्पंज पाणी पितो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात भुगा होऊन पडतो. लावण्याआधी पत्रा थिनरने पुसा, नाहीतर तेलकट पत्र्यावरून ते आठवड्यात सुटेल. सील बरोबर बसलं का हे बघायला कागदाची पट्टी फाळक्यात धरून फाळका बंद करा आणि पट्टी ओढा. अडकत-अडकत निघाली तर सील दाबतंय. सरळ सुटून आली तर तिथे फट आहे. दर वीतभर अंतरावर हे करा.

मग खरी परीक्षा: हौद्यात ओला पांढरा पंचा पसरा, शटर बंद करा आणि एखाद्या कच्च्या शिवरस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन या. पंचावर जिथे तपकिरी डाग, तिथे फट. हा प्रयोग फुकटात होतो.

सातवी पायरी: कुलूप एकाच दाराला नको

शटरला कुलूप आहे, पण फाळक्याला? फाळका नुसत्या हँडलने उघडत असेल तर शटरचं कुलूप शोभेचं. फाळक्याच्या हँडलला किल्लीचं कुलूप हवंच. शटर बंद असताना फाळका उघडता येतो की नाही हेही पाहून घ्या. काही शटरांचा मागचा दांडा फाळक्यावर असा बसतो की शटर लावल्यावर फाळका पडूच शकत नाही, काहींत दोन्ही वेगवेगळे राहतात. मला पहिला प्रकार बरा वाटतो.

शटर मध्ये किती ठिकाणी थांबतं ते विचारा. अर्धं उघडून अडकवता येत असेल तर मोठी कुंडी, सायकल, पाण्याचा जार मागे उभा नेता येतो. थांबण्याची जागा नसेल आणि आत स्प्रिंग असेल तर खड्ड्यात शटर स्वतःहून सरकतं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने आरसी बुकातली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली माहिती यांत तफावत येईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडक शब्दांत सांगितलं. तेव्हा हौद्याच्या बाहेर कुठल्याही बाजूने न येणारं, वेल्डिंग न करता क्लॅम्पवर बसणारं, बोल्ट सोडले की निघणारं शटरच घ्या. केबिनच्या वर जाणारी उंच कॅनोपी हा वेगळा विषय आहे, त्याने गाडीची उंचीच बदलते. दुकानदार "आरटीओ पास आहे" म्हणाला तर कागद मागा, आणि खात्रीसाठी तुमची गाडी एमएच-१८ ची असो, १९ ची की ३९ ची, आपल्या आरटीओत आधी विचारून या.

पक्कं बिल घ्या आणि विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी शटर वेगळी अ‍ॅक्सेसरी म्हणून लिहून घ्यायला सांगा. न सांगता बसवलेल्या वस्तूचे पैसे दाव्यात धरत नाहीत. मोटारवालं असेल तर ते विजेच्या उपकरणांत मोडतं, तसं सांगा.

बसवण्याचा दिवस

गाडी देऊन घरी जाऊ नका. जळगावला एमआयडीसीत दुसरं काम काढून ठेवा, पण तासातासाने फिरकत राहा. आदल्या दिवशी हौदा धुऊन पूर्ण वाळवा, ओल्या हौद्यावर सील चिकटत नाही.

दोन्ही चॅनल ठेवले की क्लॅम्प अर्धेच आवळायला सांगा आणि कर्ण मोजा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. चौकट काटकोनात आहे का ते गवंडी असंच बघतो. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शटर तिरकं चालणार. मग फुल आवळायचं, पण आळीपाळीने, एकदा डावा, एकदा उजवा.

पेटी आणि केबिनकडची भिंत यांच्यामधलं सील शेवटी तपासा. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच येतं, आणि पेटी बसल्यावर तिथे हात जात नाही. हौद्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरा, शटर लावा आणि वरून पाण्याची नळी दहा मिनिटं धरा, प्रेशर वॉशर नव्हे, साधी नळी. उघडून बघा. कडेला दोन-चार थेंब चालतील. पुढचे कोपरे भिजलेले असतील तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्या. पैसे दिल्यावर फिटरला अचानक दुसरी गाडी येते.

पाचशे किलोमीटर झाले की क्लॅम्प पुन्हा आवळा. आमच्याकडच्या रस्त्यांवर मी तीनशेलाच आवळतो. चांदसैली किंवा तोरणमाळचा घाट उतरून आलात तर त्याच दिवशी एकदा हात लावून बघा.

नंतरची निगा

चॅनलमध्ये ग्रीस नको, ऑइल नको, खोबरेल तेल तर नकोच. मी खोबरेल लावलेलं शटर पाहिलं आहे. चिकट जागेवर धूळ बसली की तिची पॉलिश पेपरसारखी लुगदी होते आणि ती पट्ट्यांची टोकं खाते. पाण्याने धुवा, वाळू द्या, मग सुका राहणारा सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून ते कापड खाचेत फिरवा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, कापसाच्या हंगामात आठवड्याने.

ड्रेनच्या नळ्या मृगाच्या आधी आणि पोळ्याच्या सुमारास तपासा. चॅनलमध्ये तांब्याभर पाणी ओता, गाडीखाली दोन्ही बाजूंना धार पडली पाहिजे. एकाच बाजूला पडली तर दुसऱ्या नळीत सायकलच्या पंपाने हवा मारा. कापडी शटर ओलं गुंडाळू नका, बुरशीचा वास पेटीतून जात नाही.

शटरवर सामान ठेवायचं असेल तर ते पसरून ठेवा. पट्टी सगळीकडून सारखं वजन झेलते, एका ठिकाणी टेकवलेली सिमेंटची गोणी झेलत नाही. पोरांना वर उभं राहून फोटो काढू देऊ नका.

राहिली किल्ली. बहुतेक शटरं बंद करताना किल्ली लागत नाही, ओढलं की खटकन बसतात. त्यामुळे किल्ली हातात दिसल्याशिवाय शटर ओढू नका, आणि दुसरी किल्ली गाडीत ठेवू नका. मी दोन्ही किल्ल्यांचा जुडगा पान्यांच्या पेटीवर ठेवून, तोरणमाळच्या तलावाकाठी, शटर खटकन बंद केलं होतं. सोबत पुतण्या होता. तो शहाद्यापर्यंत खाली जाऊन कुलूपवाल्याला मोटारसायकलवर बसवून वर घेऊन आला. तोवर जेवणाचा डबा, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, सगळं आतच होतं. कुलूपवाल्याने फाळक्याचं कुलूप सात मिनिटांत उघडलं. मी घड्याळ लावून पाहिलं, आणि घरी आल्यावर ते कुलूप बदललं.